पोया माशीचं घर: लाकूड, बांबू, मडकं की ब्लॉक?

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा कसब्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीकडे नीट पाहिलं, तर दोन विटांच्या सांध्यातून बाहेर आलेली बोटभर लांब, तपकिरी, चिकट नळी दिसते. नळीच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याहून लहान काळ्या माश्या पहाऱ्याला बसलेल्या असतात. ही पोया, एक छोटी मधमाशी. कुणी तिला ट्रायगोना म्हणतं. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस. हिला डंख मारता येत नाही. फार चिडली तर केसांत, कानांत शिरते आणि बारीक चावते, एवढंच. म्हणूनच गच्चीत किंवा बाल्कनीत पाळायला ही सोयीची.

पण पेटी कशाची करायची, या प्रश्नाशी नवखे लोक अडतात. बहुतेक जण सातेरी माशीची (मधासाठी नेहमी पाळतात ती डंखवाली मधमाशी) चौकटींची पेटी विकत आणतात, आणि तिथेच पहिली चूक होते. पोया चौकटीवर पोळं बांधत नाही. मेणात झाडांची राळ मिसळून ती एक वेगळाच मसाला बनवते (पुढे त्याला राळमेण म्हणू) आणि त्याच्या छोट्या कोशिकांचा घड व मध-परागाची मण्यांसारखी भांडी बांधते. सातेरीची पेटी तिच्यासाठी कितीतरी पट मोठी पडते. एवढी पोकळी उबदार ठेवणं आणि तिचं रक्षण करणं त्या वसाहतीला झेपत नाही. रिकाम्या कोपऱ्यांत मुंग्या आणि इतर माश्यांच्या अळ्या घर करतात.

भिंतीकडून काय शिकायचं

वाड्याची भिंत दीड-दोन फूट जाड, माती-विटांची. एप्रिलमधलं दुपारचं ऊन आतपर्यंत झिरपायच्या आत संध्याकाळ होते, आणि डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी भिंतीच्या पोटात तो गारठा पोहोचत नाही. शिवाय आत कोरडं, अंधारं आणि दार एकच, तेही बोट जाईल न जाईल एवढं. कोणतंही साहित्य निवडताना याच गोष्टी ताडून पाहायच्या:

आतली जागा दीड ते दोन लिटर. याहून मोठी नको.
भिंतीची जाडी लाकडाला निदान एक इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत आठ सूत. एएसी ब्लॉकला (बांधकामातला पांढरा, हलका ब्लॉक) साडेचार सेंटिमीटर. पातळ साहित्य वापरलं तर बाहेरून आवरण लागणारच.
आत पाणी येऊ नये, आणि आतली वाफही भिंतीवर थेंब होऊन साचू नये.
आतल्या बाजूला रंग, पॉलिश, वाळवीचं औषध यांतलं काहीही नको.

आकारमान मोजायची सोपी युक्ती: पोकळीत प्लास्टिकची पिशवी पसरा आणि लिटरच्या मापाने पाणी ओता. मडकं, तुंबा, बांबू अशा वेड्यावाकड्या आकारांना हाच उपाय.

लाकूड: पहिली पेटी याचीच करा

एक इंची फळीची, पुस्तकासारखी उघडणारी दोन अर्धुकांची पेटी सर्वात उपयोगी. प्रत्येक अर्धुक आतून २८ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद, ४ सेंमी खोल. दोन्ही मिटली की पावणेदोन लिटरच्या थोडी वर जागा होते. एका लांब कडेला दोन बिजागऱ्या, समोर कडी. दार म्हणून एका टोकाला दोन्ही अर्धुकांच्या सांध्यावर ८ मिमीचं भोक. पुढे वसाहत वाढली की बिजागरी काढून दोन्ही अर्धुकं वेगळी करता येतात, प्रत्येकाला एकेक रिकामं अर्धुक जोडलं की एका वसाहतीच्या दोन होतात. हे काम मडक्यात किंवा पाइपात जमत नाही. लाकडाची खरी किंमत इथे कळते.

साग, फणस, सिल्व्हर ओक चालतात. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये तुकडे मिळतात. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पाडलेल्या वाड्यांचं लाकूडही दिसतं. ते वाळलेलं, न वाकणारं असल्याने उत्तम, पण त्यावर जुना रंग आणि वाळवीचं औषध असू शकतं. चारही बाजूंनी रंधा मारून ताजं लाकूड दिसू द्या. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन घेणार असाल, तर त्यावरचा शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते बाजूला ठेवा. प्लायवूडमधला डिंक वास सोडतो, एमडीएफ पहिल्याच पावसात फुगतं. दोन्ही नकोत.

बाहेरून कच्चं जवसाचं तेल दोन हात लावा आणि आठवडाभर वाळू द्या. आतून काहीच लावायचं नाही. जुना रंग काढायला लागेल तेवढं सोडून आतली बाजू रंधून गुळगुळीतही करू नका. खरखरीत लाकडावर राळमेण चांगलं धरतं.

बांबू

स्वस्त, हलका, आणि पोयाला आवडणारा. कोकणातला माणगा किंवा मेस इथे उपयोगाचा नाही, त्याची पोकळी फार अरुंद. जाड कळक घ्या, ज्याची आतली पोकळी सात-साडेसात सेंमी आहे. ४२ सेंमी लांबीचा तुकडा बुरुडाकडून कापून आणा, दोन्ही टोकांना पेर ठेवा, मधलं पेर असेल तर फोडून काढा. मग उभा चिरून दोन पन्हळी करा आणि दर दहा सेंमीवर गंजरोधक तारेने परत बांधा. चिरलेला असल्याने पुढे तार सोडून आत डोकावता येतं.

बांबूला दोन दुखणी. पहिलं भुंग्याचं: पिठासारखा भुसा पडू लागला की समजावं. हिरवा बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवला, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदललं आणि मग सावलीत वाळवला, तर त्यातला भुंग्याचा खाऊ बराच निघून जातो. बोरिक-बोरॅक्सचं द्रावण बांबूला सर्रास लावतात, पण ते कीटकांना मारण्यासाठीच असतं. माशीच्या घराला ते लावणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. दुसरं दुखणं तडकण्याचं. मार्च ते मेमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत बांबू तडकतो आणि चिरेतून मुंग्या जातात. म्हणून बाहेरून काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून त्यावर माती, शेण आणि भाताचं तूस यांचा सेंमीभर लेप द्या. हा लेप उन्हाळ्यात आत गारवाही राखतो.

मडकं, करवंटी, तुंबा

कुंभाराकडचं बिनरंगाचं, दोन लिटर मापाचं मडकं घ्या, चिनी मातीची झिलई नको. पण भाजलेली माती लाकडापेक्षा उष्णता कितीतरी लवकर आत नेते आणि मडक्याची भिंत जेमतेम पाच-सहा मिमी असते. उघड्या गच्चीवर नुसतं मडकं म्हणजे भट्टी. वर सांगितलेला माती-तुसाचा लेप दोन सेंमी जाड द्या, तरच वापरा. तोंडावर लाकडी चकती बसवून तिच्यात दाराचं भोक पाडा आणि मडकं आडवं ठेवा; झाकण काढलं की आतलं दिसतं. पावसात मडकं पाणी पितं, म्हणून ते छपराखालीच हवं.

नारळाच्या एका करवंटीत अर्ध्या लिटरहून कमी जागा. पूर्ण वसाहतीला ती अपुरी, पण पेटीच्या वर भोक पाडून उपडी चिकटवली तर माश्या तिच्यात मधाची भांडी बांधतात आणि पिल्लं न दुखावता तेवढाच मध काढता येतो. दुध्या भोपळ्याचा वाळका तुंबा सुंदर दिसतो. दोन पावसाळे टिकला तर नशीब.

पीव्हीसी पाइप

११० मिमीच्या पाइपचा २२ सेंमी तुकडा आणि दोन टोप्या: पंधरा मिनिटांत पेटी तयार, म्हणूनच लोक करतात. पण पीव्हीसी ओलावा शोषत नाही. मध पिकवताना उडालेलं पाणी थंड भिंतीवर थेंब होऊन परागाच्या भांड्यांवर पडतं आणि बुरशी धरते. उन्हाळ्यात दोन-तीन मिमीची ती भिंत सावलीतही तापते. करायचंच असेल तर पाइप २५ सेंमी घ्या, आतून बांबूच्या कामट्यांचं अस्तर लावा, बाहेरून तरट गुंडाळा. एवढा खटाटोप करण्यापेक्षा लाकूड परवडलं. थर्माकोल उष्णता उत्तम अडवतं, मात्र माश्या ते कुरतडतात आणि मुंग्या त्यात बिळं करतात. पेटीच्या बाहेरचं आवरण म्हणून, तेही वर पत्रा किंवा लाकूड असेल तरच.

एएसी ब्लॉकची पेटी, पायरीपायरीने

पुण्यात बांधकामं सुरू नाहीत असा रस्ता नाही, आणि प्रत्येक साइटवर पांढऱ्या हलक्या ब्लॉकचे तुटके तुकडे पडलेले असतात. हा ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला, त्यामुळे उष्णता रोखण्यात लाकडाच्या जवळ जातो, वाळवी लागत नाही, साध्या करवतीने कापता येतो. उघड्या गच्चीसाठी लाकडानंतर याचाच नंबर. खोट दोन गोष्टींत: तो पाणी शोषतो, आणि त्याची पूड झडते. दोन्ही आधीच बंद करायच्या.

१. ६०० × २०० × २०० मिमीचा ब्लॉक मधोमध कापून ३०० मिमीचा तुकडा घ्या. नाकाला मास्क बांधा, ही पूड छातीला वाईट.

२. २०० मिमी उंचीतून वरचा ६५ मिमीचा थर करवतीने वेगळा करा. हे झाकण. खाली साधारण १३० मिमीचं खोकं उरतं.

३. खोक्यावर चारही बाजूंनी ४५ मिमी सोडून रेघ आखा. आतला २१० × ११० मिमीचा भाग जुन्या पटाशीने ८० मिमी खोल कोरा. १.८ लिटरच्या आसपास पोकळी होते. कडेला घाईने ठोकलं तर भिंत फुटते. आधी मधोमध गिरमिटाने भोकं पाडून घ्या आणि मग कडेकडे या.

४. एका आखूड भिंतीत, पोकळीच्या तळापासून तीन सेंमी वर, आरपार भोक पाडून त्यात ८ मिमी पोकळीची बांबूची नळी बसवा. ती बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी, म्हणजे पावसाचे थेंब आत येणार नाहीत. नळी नसेल तर माश्या ब्लॉकची कड कुरतडत राहतात आणि दार रुंदावतं.

५. कोरडा ब्रश मारून सगळी पूड काढा आणि ब्लॉक दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

६. तापलेल्या ब्लॉकच्या आतून वितळलेलं मधमाशीचं मेण ब्रशने लावा. मेण कधीही थेट आचेवर नाही, पाण्यात ठेवलेल्या भांड्यातच वितळवा. दोन हातांना मिळून १०० ग्रॅमच्या आसपास लागतं. ब्लॉक थंड असेल तर मेण वर थिजतं आणि पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. पॅराफिनच्या मेणबत्त्या वापरू नका.

७. बाहेरून सिमेंटचा पातळ हात, तो वाळल्यावर पाण्यात मिसळणारा पांढरा बाहेरचा रंग. तळ रंगवायचा नाही. ओल बाहेर पडायला तेवढी वाट मोकळी हवी. रंगानंतर पंधरा दिवस पेटी उघडी ठेवा.

८. खोक्यावर पारदर्शक प्लास्टिक शीट, त्यावर झाकण, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा. झाकण उचललं तरी शीटमुळे माश्या उडत नाहीत.

पेटीचं वजन सहा किलोच्या आसपास भरतं. वाऱ्याने पडत नाही, हा फायदाच.

माश्या घालण्याआधी

रिकाम्या पेटीची परीक्षा घ्या. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर आत ठेवून, पेटी ठरलेल्या जागी तीन-चार उन्हाळी दिवस राहू द्या. आतला पारा ३८ च्या वर जात असेल तर साहित्य बदलण्याआधी जागा बदला; चाळिशीकडे राळमेणाची भांडी मऊ पडतात आणि कोसळून मध खाली सांडतो. मग झाकणावर दोन तांबे पाणी ओतून दहा मिनिटांनी आत बोट फिरवा. शेवटी पेटी दोन दिवस उन्हात बंद ठेवून उघडा आणि वास घ्या: रंगाचा, डिंकाचा वास आला तर अजून वेळ आहे.

जागा पूर्वेला तोंड असलेली, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारी सावली राहील अशी. पुण्यात पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, दार त्या बाजूला नको. स्टँडचे पाय पाण्याच्या किंवा जळक्या तेलाच्या वाट्यांत ठेवा. फांदी, दोरी, केबल पेटीला टेकली असेल तर वाट्या असून नसून सारख्याच, मुंग्या तिथून उतरतात.

वसाहत हलवणे

धडधाकट भिंत माश्यांसाठी फोडू नका. वाडा पाडणार असतील, किंवा मीटरच्या पेटीत वसाहत असेल, तेव्हाच हात घाला. मीटरपेटी महावितरणच्या माणसाने वीजपुरवठा बंद केल्याशिवाय उघडायची नाही. न फोडता काम करायचं तर भिंतीतल्या दारापासून पेटीपर्यंत वीतभर पारदर्शक नळी जोडा, पेटीच्या दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार ठेवा. माश्या पेटीतून ये-जा करतात आणि काही महिन्यांत तिथेच भांडी बांधू लागतात. धीर लागतो, नुकसान जवळपास होत नाही.

भिंत पडणारच असेल तर ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा. सकाळी नऊ-दहाला, ऊन पडल्यावर.

पिल्लांचा घड साबुदाण्याच्या दाण्यांसारखा दिसतो. गडद तपकिरी कोशिका नव्या, त्यांत अंडी आणि कोवळ्या अळ्या. फिक्या पिवळट कोशिका जुन्या, त्यांतून लवकरच माश्या निघतील. अंडं पातळ खाद्यावर तरंगत असतं. घड उलटा झाला की ते बुडून मरतं, म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला काडी खोचून खूण करा. पातळ कालथ्याने उचला आणि पेटीत राळमेणाच्या तीन-चार गोळ्यांवर टेकवा, खालून माश्यांना फिरता यायला हवं. राणी फुगीर पोटाची, संथ, उडू न शकणारी. चिमटीत धरू नका. कागदाच्या पट्टीवर चढू द्या आणि घडाजवळ सोडा. ती सापडली नाही तर घडाच्या कडेला इतरांहून मोठी, लांबट कोशिका आहे का ते पाहा. असेल तर नवी राणी निघू शकते.

परागाची पाच-सहा न फुटलेली भांडी आत ठेवा. फुटलेलं एकही नाही, आणि मध सांडलेला तर मुळीच नाही. नव्या पेटीत सर्वात मोठी वाताहत इथूनच होते: आंबूस वासावर फोरिड माशी येते. कुबड असलेली, झटक्याझटक्याने पळणारी, दोन मिमीची. ती परागात अंडी घालते आणि आठवड्याभरात सगळी पेटी पांढऱ्या अळ्यांनी भरते. म्हणून पेटी बंद केल्यावर प्रत्येक सांध्यावर मास्किंग टेप लावा आणि फोरिडला सापळा म्हणून बाहेर जवळच एका बाटलीत थोडं व्हिनेगर घालून झाकणाला बारीक भोकं पाडून ठेवा.

जुन्या नळीचं तोंड काढून नव्या दाराभोवती चिकटवा. माश्या वासावरून आत येतात. पेटी जुन्या दाराच्याच जागी अंधार पडेपर्यंत ठेवा. मग दारावर जाळी लावून हलवा. पोया जेमतेम अर्धा किलोमीटर फिरते, पण त्याच टापूत हलवली तर परत जुन्या जागी जाते, म्हणून दोन किलोमीटरपलीकडे न्या. तिकडे सोय नसेल तर पेटी जुन्या जागेवरच राहू द्या.

पहिला महिना

पहिले दहा दिवस उघडायची नाही. बाहेरूनच पाहा: पायांवर पराग घेऊन माश्या आत जाताहेत, दाराशी नवी नळी उभी राहतेय, खाली तपकिरी कचऱ्याच्या गोळ्या पडताहेत, म्हणजे आत काम सुरू आहे. पराग येत नसेल आणि दाराशी पहारेकरी नसतील, तर पंधराव्या दिवशी शीटमधून डोकावा. दारासमोर पाल ठाण मांडून बसत असेल तर पेटी भिंतीपासून फूटभर पुढे ओढा.

तुळस, शेवगा, कढीपत्ता, कोथिंबिरीचं फूल आसपास हवं. आंबा किंवा फणस जवळ असेल तर राळेची चिंता नाही. सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी असेल त्या दिवशी संध्याकाळी माश्या परतल्यावर दार बारीक जाळीने बंद करा, पेटीवर ओलं तरट टाका आणि सकाळी लवकर उघडा. जाळीऐवजी बोळा कोंबलात तर आत हवा कोंडते.

पहिल्या वर्षी मध काढू नका. पुढेही शे-दोनशे ग्रॅमच्या वर अपेक्षा नको. हा मध सातेरीच्या मधापेक्षा पातळ असतो आणि आंबतो, काढला की फ्रिजमध्येच ठेवायचा.

पावसाळा संपला की पेटीचा तळ हाताने चाचपा. लाकूड ओलं लागलं तर खाली दोन पट्ट्या ठोकून वारा खेळू द्या आणि तेलाचा हात परत मारा. ब्लॉकचा रंग कुठे पोपडला असेल तर तेवढाच खरवडून रंगवा, दार जाळीने बंद करून, संध्याकाळी.